हंडा संपतो, शंका संपत नाही

मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वेगाडी १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याआधी महिनाभर शहरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागू होती. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा आणि घरटी एखादा ड्रम भरला की निघून जायचा.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या काकूंचा आजार गल्लीला कळला. तो होता वीस वर्षांपासून, पण नळाला पाणी होतं तोवर कुणाच्या लक्षात आला नाही. ‘काकूंचं लई सोवळं’ एवढ्यावर विषय मिटायचा. टँकरचं पाणी आल्यावर मात्र हिशेब सुरू झाला. चार माणसांचा आठ दिवसांचा ड्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाला गेलेला असायचा.

त्यांचं हात धुणं मी जवळून पाहिलंय. तांब्या डाव्या हातात, पाणी कोपरापर्यंत, सात वेळा. मध्येच कुणी हाक मारली की मोजणी बाद, परत एकपासून. मुलाने वैतागून ड्रमच्या झाकणाला कुलूप लावलं, तेव्हा त्यांनी न्हाणीतल्या बंबाची राख घेतली आणि कोरडेच हात घासायला लागल्या. कातडी फाटली. राखेने हात काळे होतायत हे त्यांना दिसत होतं, तरी थांबता येत नव्हतं.

ती राख आठवली की मला वाटतं, या आजाराला स्वच्छतेचा आजार म्हणण्यात आपण फार मोठी गफलत करतो. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. मंत्रचळ हा शब्द मला जास्त नेमका वाटतो, कारण त्यात घाणीचा उल्लेखच नाही. तीच ती कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा चळ, इतकंच त्यात आहे.

कुठलंही काम उरकलं की आपल्याला आतून ‘झालं’ असं वाटतं. कुलूप लावलं, ओढून पाहिलं, झालं. पायऱ्या उतरेपर्यंत आपण ते विसरतोही. मंत्रचळ असलेल्या माणसाच्या डोळ्यांना कुलूप लागलेलं दिसतं, हाताला लागतं, पण आतलं ‘झालं’ उमटत नाही. मग शंका येते, शंकेने जीव कासावीस होतो, कृती केली की घडीभर बरं वाटतं. हे घडीभराचं बरं वाटणंच घात करतं, कारण मेंदू त्यातून शिकतो की सुटका धुण्यातच आहे. पुढची शंका मग आणखी लवकर येते.

विचित्र विचार तर सगळ्यांनाच येतात. १९७८ साली रॅचमन आणि डी सिल्व्हा या संशोधकांनी धडधाकट माणसांना विचारून पाहिलं, तर बहुतेकांनी कबूल केलं की नको ते, भलतेसलते विचार आपल्या मनात येऊन जातात. गच्चीच्या कठड्याशी उभं असताना ‘उडी मारली तर?’ हा त्यातलाच एक. आपण तो झटकतो. मंत्रचळ असलेला माणूस ‘असं मनात आलंच कसं?’ म्हणून त्याला धरून बसतो. देवळात हात जोडले की देवाबद्दल शिवी आठवते, तान्ह्या बाळाला दूध पाजताना त्याला इजा करण्याचं चित्र समोर येतं. ही माणसं तसं करण्याच्या इच्छेने पछाडलेली नसतात. उलट त्या विचाराची त्यांना इतकी किळस असते की चाकू-सुऱ्या माळ्यावर टाकून मोकळी होतात. त्यांना धुवायला काही नसतं, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. आपल्याकडे मग कुणीतरी भानामतीचा विषय काढतं आणि अमावस्येला लिंबू उतरवण्यात दोन-तीन वर्षं जातात.

१९८९ साली अमेरिकेत वेन गुडमन आणि सहकाऱ्यांनी या आजाराची तीव्रता मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. येल विद्यापीठाचं नाव लागलेली ही पट्टी आजही जगभर वापरतात. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण चाळीस. मला तिच्यातली गंमत अशी वाटते, की तुम्ही काय धुता, काय मोजता याला तिच्यात गुण नाहीत. गुण आहेत ते दिवसातला किती वेळ गेला, कामं किती अडली, त्रास किती झाला, विरोध किती करता आला आणि ताबा किती राहिला याला. सोवळ्यात अडकलेली काकू आणि हिशेबाची वही पंधरा वेळा तपासणारा अडत्या एकाच पट्टीवर येतात.

आता उदासीचं. काकू शेवटी डॉक्टरकडे गेल्या त्या हात धुण्यासाठी नव्हे. झोप नाही, जेवण नाही, ‘मेलेलं बरं’ असं तोंडात यायला लागलं म्हणून मुलाने नेलं. हे फार नेहमीचं आहे. मंत्रचळ असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं. मग प्रश्न येतो, की मंत्रचळ ही नैराश्याचीच एक तऱ्हा आहे का? उदासी गेली की हेही जाईल का?

याचं उत्तर शोधणाऱ्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. ज्युडिथ रॅपोपोर्ट यांचं काम मला सर्वांत आवडतं. त्या लहान मुलांच्या मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या गटाने दोन गोळ्या समोरासमोर ठेवल्या, क्लोमिप्रामिन आणि डेसिप्रामिन. दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्ही उदासीवर चालणाऱ्या. फरक असा की पहिली मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर जोरात काम करते, दुसरी मुख्यतः नॉरअॅड्रेनॅलिनवर. मंत्रचळ असलेल्या मुलांना काही आठवडे एक आणि मग काही आठवडे दुसरी गोळी दिली. कुठली कधी चालू आहे ते मुलांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. १९८९ साली निकाल आला. क्लोमिप्रामिनने लक्षणं उतरली, डेसिप्रामिनने जवळपास काही केलं नाही. क्लोमिप्रामिनवरून डेसिप्रामिनवर आणलेल्या बऱ्याच मुलांचा आजार पुन्हा उसळला. म्हणजे नैराश्य आणि मंत्रचळ एका घरात राहत असले तरी त्यांची कुलुपं वेगळी आहेत. (यावरून ‘सेरोटोनिन कमी पडलं की मंत्रचळ होतो’ असं सरळ गणित मांडू नये. पॅरासिटामॉलने डोकं दुखायचं थांबतं म्हणून डोकेदुखी पॅरासिटामॉलच्या कमतरतेने होत नाही.)

मग याच रॅपोपोर्टबाईंनी अभ्यासाला कुत्री घेतली. लॅब्रॅडॉरसारखी काही मोठी कुत्री स्वतःचा पुढचा पाय चाटत सुटतात, केस जातात, जखम होते, तरी चाटणं थांबत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कुत्र्यांवर त्याच गोळ्या करून पाहिल्या. क्लोमिप्रामिनने चाटणं कमी झालं, डेसिप्रामिनने नाही. लॅब्रॅडॉरला सोवळं-ओवळं कुणी शिकवलं? काकूंनी विटाळ धरला तो आपल्या घरातून, संस्कारातून आला असेल. पण ‘आणखी एकदा’ म्हणत फिरणारं चाक त्याहून फार जुनं आहे. मेंदूत ते कपाळामागचा भाग, खोलवरचे काही गाभे आणि थॅलॅमस यांच्या साखळीत फिरतं, असं मेंदूच्या छायाचित्रांवरून दिसतं.

याच साखळीबद्दल १९९२ मध्येच अमेरिकी संशोधक लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने दाखवलं, की उपचार लागू पडलेल्या रुग्णांच्या मेंदूत कॉडेट नावाच्या गाभ्यातली जास्तीची धावपळ उतरते, मग उपचार गोळीचा असो की वर्तनोपचाराचा. ज्यांना ‘नुसतं बोलून काय होतंय’ वाटतं, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

नुसतं बोलणं नसतंच ते. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांची हकीकत लिहिली. त्यातल्या एका बाईंना धुण्याचा मंत्रचळ होता. त्यांना घाण वाटणाऱ्या वस्तूंना हात लावायला सांगत, पुढे हात धुवू देत नसत आणि त्यासाठी खोलीतल्या नळाचं पाणीही बंद केलं होतं.

हे वाचलं तेव्हा मी दचकलोच. लातूरचे नळ तर सरकारनेच बंद केले होते! मग काकू बऱ्या का नाही झाल्या? कारण त्यांच्या ड्रमला कुलूप होतं, पण राखेला नव्हतं. आणि कुलूप रागाने लावलेलं होतं. मेयर यांच्या रुग्णाजवळ परिचारिका बसलेली असायची. उपचारात पाणी बंद करणं मुख्य नाही. शंका अंगावर घ्यायची, काही न करता थांबायचं आणि कासाविशी आपली आपण ओसरते हे स्वतः बघायचं, हे मुख्य. ते पायरीपायरीने आणि रुग्णाच्या संमतीने करावं लागतं.

गोळ्यांचं थोडक्यात. मंत्रचळाला डोस बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे. आपल्याकडे पंधरा दिवसांत ‘काई फरक नाई’ म्हणून गोळ्या सुटतात, जिल्ह्याच्या गावाला जायचं एसटीचं भाडं हेही त्याचं एक कारण. आणि ज्याला कधी अतिउत्साहाचे झटके, म्हणजे बायपोलर आजार झालेला आहे, त्याने ते डॉक्टरला आधी सांगावं, कारण नैराश्यावरच्या गोळ्यांनी तो झटका उसळू शकतो. तिथे आधी मूड स्थिर करतात. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात.

काकूंच्या घरी सर्वांत अवघड गेलं ते मुलाला. ‘निघालं का रे सगळं? तू बघितलास का?’ याला वर्षानुवर्षं तो ‘निघालं की गं आई’ म्हणत आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हे उत्तर म्हणजेही एक तांब्या पाणीच आहे, द्यायचं नाही. पहिल्या दिवशी काकूंनी टँकरच्या पाइपाला हात लावला आणि ओसरीवर घड्याळासमोर बसल्या. पोरगा शेजारी. त्यांनी विचारलं, त्याने उत्तर दिलं नाही. परत विचारलं, तो रडायला लागला. चाळीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, ‘जा, चहा टाक. मी बसायलेय इथंच.’