चिबड, क्षारपड, पाणथळ : कृष्णाकाठच्या निचऱ्याची पार्श्वभूमी

दख्खनच्या काळ्या रानात पाणी आणणे आणि ते बाहेर काढणे ही दोन कामे एका वेळी कधीच झाली नाहीत. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला तो दुष्काळ टळावा म्हणून. पाणी प्रत्यक्षात गेले उसाकडे. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात निचऱ्याच्या वाटेतले अडथळे हटवण्याची तरतूद होती, पण चर खणले गेले ते पाणी तुंबून जमिनी चिबडल्यावर. मधल्या काळात एका अभियंत्याने ब्लॉक पद्धत, म्हणजे ठरवून दिलेल्या तुकड्यांनाच पाणी देण्याची पद्धत, आणली. ऊस एकाच जागी दाटू नये, पाणी जास्त गावांना मिळावे, हा त्यामागचा हेतू. पुढे गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवरही जमिनी अशाच चिबडल्या.

कृष्णाकाठची गोष्ट वेगळी आहे आणि चिबड-क्षारपड रानांचा निचरा कुठे आणि कसा करायचा, या आजच्या वादाला तीच जवळची. इथे दोष एकट्या कालव्यावर टाकता येत नाही. १९६० च्या दशकात कोयना धरण झाले, उन्हाळ्यातही नदीला पाणी राहू लागले आणि मिरज, वाळवा, शिरोळच्या शेतकऱ्यांनी ते पंप लावून उचलले. कुठे सहकारी उपसा योजना झाली, कुठे भावकीने मिळून पाइपलाइन टाकली. नदीकाठची काळी माती खोल आणि चिकट. पाणी धरून ठेवते, सोडताना मात्र जीव घेते. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी उसाला पाटाने वर्षाला हेक्टरी २०,००० घनमीटर दिले, तर त्याबरोबर १० टन क्षार शेतात येतात. पीक पाणी पिते, क्षार मागे राहतात. खालची पाणीपातळी मीटर-दीड मीटरवर आली की तेच क्षार ओलीबरोबर वर चढतात. त्यात बांध सरकवत सरकवत जुने ओढे-ओघळ नांगराखाली गेले. गावनकाशात दिसणारा नाला जागेवर सापडत नाही, हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. उघड मात्र कुणी बोलत नाही.

खरा गोंधळ शब्दांचा आहे, आणि तो निरुपद्रवी नाही. शेतकरी ‘मीठफुटी’ म्हणतो, ‘चिबड’ म्हणतो. सरकारी कागदावर ‘पाणथळ व क्षारपड’ असा जोडशब्द येतो, जणू दोन्ही एकच. चिबड म्हणजे मुळाशी पाणी तुंबलेली जमीन. तिच्यात क्षार असतीलच असे नाही. क्षारपड जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, वर पांढरा थर येतो, पण सामू (pH) साधारण ८.५ च्या आतच राहतो. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो. सामू ८.५ च्या वर जातो, माती ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. चोपण जमिनीला जिप्सम, म्हणजे कणांना चिकटलेला सोडियम सोडवणारे खनिज, लागते. नुसत्या क्षारपड जमिनीला नको असते. तिला हवा निचरा आणि वरून गोडे पाणी. नावे एकमेकांत मिसळल्यामुळे किती जणांनी माती परीक्षणाआधीच जिप्समच्या गोण्या आणल्या असतील! आणि चोपण जमिनीतसुद्धा बाहेर जायला वाट नसेल, तर जिप्समने सुटलेला सोडियम तिथेच राहतो.

महाराष्ट्रभर पाहिले तर गुंता आणखी वाढतो. कोकणातली ‘खार’ म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली शेती. तिच्यासाठी १९४८ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि तिथे खारे पाणी बाहेर अडवायचे असते. अकोला-अमरावतीकडचा ‘खारपाण पट्टा’ तर सिंचनाआधीपासूनचा. तिथले भूजलच खारे. तिन्ही नावांत ‘खार’ किंवा ‘क्षार’ आहे, उपाय मात्र तीन.

सगळ्यात अवघड शब्द ‘पाणथळ’. जमीन सुधारणा करणाऱ्यांच्या लेखी पाणथळ हा रोग आहे. पर्यावरणवाल्यांच्या लेखी तीच संरक्षणाची वस्तू. गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला तो कालव्यांसाठी. बंधाऱ्यामागे गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले आणि २०२० मध्ये ती जागा राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. त्याच बंधाऱ्याच्या कालव्यांखाली जी शेते चिबडली, त्यांनाही कागदावर पाणथळच म्हणतात. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय आणि भातखाचरे व्याख्येतून वगळली. कृष्णाकाठी पडीक राहिलेल्या, पाणकणीस आणि वेडी बाभूळ माजलेल्या रानाचे काय, ते रोगी की राखायचे, हे या शब्दावरून ठरत नाही. माझ्या मते उसाच्या पट्ट्यातले बहुतेक रान आधी शेतच होते आणि ते शेत म्हणून परत मिळावे. पण काही सखल तुकडे आधीपासून पाण्याचेच होते, आणि त्यांनाही निचऱ्याच्या याच योजनांत ओढले जाते.

उघड्या चरांनी जमीन खाल्ली, काठ ढासळले, गवत माजले. म्हणून गेल्या काही दशकांत जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांकडे कल वळला. साधारण ८० मिलिमीटरचे, वर गाळणीचे कापड गुंडाळलेले पाइप मीटरभर खोल टाकायचे आणि त्यांचे तोंड मोठ्या नळीत सोडायचे. मोल नांगराने जमिनीखाली नुसते बीळ काढण्याचा स्वस्त उपायही आहे, पण ते बीळ काही हंगामांत मिटते. पाइपने क्षार धुऊन जायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि एकट्या शेतकऱ्याला ते जमत नाही. त्याचे पाणी खालच्याच्या रानातून जाणार. खालचा संमती देईना, की काम थांबते. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांचे गट झाले ते याच कारणाने.

बाहेर पडणारे पाणी शेवटी नदीतच जाते. सोबत क्षार असतात आणि उसाला टाकलेल्या युरियाचा नायट्रेटही. एकाच्या रानातला निचरा खालच्या गावाच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीचे पाणी उचलण्याच्या विहिरीत, येतो. पूर्वी शिमग्याला आटणारे नाले आता बारमाही वाहतात, आणि काठचे लोक त्यावरही मोटर लावतात. शिरोळसारख्या सखल तालुक्यात आणखी एक अडचण आहे. २००५, २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला की नदीचे पाणी नाल्यातून उलटे चढते, पाइपांची तोंडे बुडतात, आणि पूर ओसरून तोंडावरचा गाळ काढेपर्यंत निचरा बंद राहतो. तो गाळ कुणी काढायचा, यावर गटात दर पुरानंतर नव्याने वाद होतो.