प्रोसेसर निवांत, तरी गाण्यात ‘टक्’ का येतो?

घरच्या स्टुडिओत गाणे वाजवताना किंवा मुद्रित करताना मधूनच ‘टक्’ असा खटका उमटू लागला, अथवा सगळ्या आवाजावर चरचर पसरली, की बहुतेक जाणकार एकच सल्ला देतात : कॉम्प्युटर कमी पडतो आहे, नवा घ्या. सल्ला देणारा मोकळा होतो आणि घेणारा खर्चात पडतो. पण अशा वेळी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर प्रोसेसरवरचा भार पुष्कळदा जेमतेम वीस टक्के दिसतो. ऐंशी टक्के शक्ती रिकामी असताना आवाज का तुटावा, याचे उत्तर संगणकाच्या वेगापेक्षा त्याच्या वक्तशीरपणात सापडते.

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो. मायक्रोफोनकडून येणारा विद्युतदाब सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजला जातो आणि अशा प्रत्येक मोजमापाला सॅम्पल म्हणतात. ही सॅम्पल्स एकेक करून हाताळणे परवडत नाही, म्हणून रीपर, क्युबेस, लॉजिक यांसारखी ध्वनिमुद्रणाची सगळीच सॉफ्टवेअर ती गठ्ठ्यागठ्ठ्याने घेतात. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. समजा, बफर १२८ सॅम्पलचा आणि गती सेकंदाला ४८,००० अशी आहे. तर एक गठ्ठा वाजून संपायला २.६७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात पुढचा गठ्ठा तयार झालाच पाहिजे. सगळे ट्रॅक, त्यांवरचे इक्वलायझर, कॉम्प्रेसर, घुमारा देणारा रिव्हर्ब असे सर्व आवाज-संस्कार मोजून, बेरीज करून, ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे संगणकाला मायक्रोफोन व स्पीकरशी जोडणाऱ्या उपकरणाच्या, हवाली करण्यासाठी एवढीच मुदत असते, आणि ती सेकंदाला ३७५ वेळा येते.

गठ्ठा वेळेवर आला नाही, तर इंटरफेसला थांबता येत नाही. त्याच्या जागी तो बहुधा शून्ये वाजवतो किंवा जुनाच गठ्ठा पुन्हा वाजवतो. गुळगुळीत वर-खाली होणारी ध्वनिलहर त्यामुळे मधेच कड्यावरून कोसळल्यासारखी तुटते. अशा तुटक उडीत ऐकू येणाऱ्या जवळजवळ सर्वच कंप्रता थोड्याथोड्या प्रमाणात असतात, म्हणून कानाला कोणताही सूर न लागता केवळ ‘टक्’ ऐकू येते.

आता चार मिनिटांच्या गाण्याचा हिशेब करू. त्यात अशा ९०,००० मुदती येतात. संगणकाने त्यांपैकी ९९.९९ टक्के पाळल्या, तरी नऊ ठिकाणी खटका येईल, आणि नऊ खटके असलेले गाणे कोणी प्रसिद्ध करणार नाही. टास्क मॅनेजरमधला आकडा मात्र साधारण सेकंदभराची सरासरी दाखवतो. तबलजीने आवर्तनाचा एकूण वेळ बरोबर राखला आणि सम तेवढी चुकवली, तर सरासरीचा दाखला देऊन त्याची सुटका होत नाही. इथेही तसेच आहे.

त्या आकड्यात आणखी एक फसवणूक असते. तो प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांचा (कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे त्याचे भाग) मिळून काढलेला असतो. प्रोसेसरला आठ गाभे असतील आणि त्यांपैकी एक पूर्ण भरून वाहत असेल, तर एकूण भार दिसतो फक्त साडेबारा टक्के. एकाच ट्रॅकवर लावलेल्या प्लगइनची (आवाजावर संस्कार करणाऱ्या जोड-प्रोग्रामांची) साखळी आठ गाभ्यांत वाटता येत नाही, कारण कॉम्प्रेसरला इक्वलायझरचे उत्तर आधी हवे असते आणि रिव्हर्बला कॉम्प्रेसरचे. मुख्य गायकाच्या ट्रॅकवर दहा-बारा प्लगइन चढवले, की ते सगळे ओझे एकाच गाभ्याच्या डोक्यावर बसते.

शिवाय विंडोज काय किंवा मॅकओएस काय, या मुळात सर्वसाधारण कामांसाठी घडवलेल्या प्रणाली आहेत. वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड, बॅटरी यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, अधूनमधून प्रोसेसर ताब्यात घेतात, आणि त्यांपैकी एखाद्याने तो तीन मिलिसेकंद सोडला नाही, तर आपली २.६७ मिलिसेकंदांची मुदत हुकलीच. त्या तीन मिलिसेकंदांत प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी आपले काम हाती घ्यायला तो मोकळाच नसतो. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचे साधन नेमका कोणता ड्रायव्हर असा अडून बसतो ते दाखवते. लॅपटॉपची वीजबचतही याच जातीची असते : काम कमी दिसले की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि पुढचा जड गठ्ठा येईपर्यंत तो पुन्हा चढवायला त्याला थोडा उशीर होतो.

मात्र मला सर्वांत मोह घालणारे कारण वेगळेच आहे. त्यात संगीत चालू असताना सारे सुरळीत असते, आणि संगीत थांबून शांतता झाली की प्रोसेसरवरचा भार चढू लागतो.

ऑडिओ सॉफ्टवेअरमधले आकडे बहुधा ३२ बिटांच्या तरत्या दशांश (फ्लोटिंग पॉइंट) पद्धतीने साठवलेले असतात. एक बिट चिन्हासाठी, आठ घातांकासाठी आणि तेवीस अपूर्णांकासाठी, अशी ही वाटणी आयईईई ७५४ या १९८५ सालच्या मानकात पक्की झाली. या पद्धतीत सरळपणे लिहिता येणारी सर्वांत लहान धन संख्या म्हणजे दोनचा उणे १२६ वा घात. दशांश चिन्हानंतर ३७ शून्ये आणि मग १२ मांडले की साधारण ती संख्या मिळते. त्याहून लहान संख्येला सरळ शून्य मानावे, असा एक पक्ष होता. मानकाचे प्रमुख शिल्पकार विल्यम काहान यांचा आग्रह वेगळा होता. दोन संख्या वेगळ्या असतील तर त्यांची वजाबाकी शून्य येता कामा नये, अन्यथा एरवी निर्दोष असलेली गणितेही दगा देतील, असे त्यामागचे तत्त्व होते. म्हणून त्या मर्यादेखाली उतरत्या अचूकतेच्या संख्यांची एक पट्टी ठेवली गेली. त्यांना डीनॉर्मल संख्या म्हणतात. गणिताच्या दृष्टीने ही व्यवस्था देखणी आहे, पण अनेक प्रोसेसरांत या संख्यांसाठी वेगवान मार्ग ठेवलेला नाही. एरवी प्रोसेसरच्या घड्याळाच्या चार-पाच ठोक्यांत होणाऱ्या गुणाकाराला इथे शंभराहून अधिक ठोके लागू शकतात.

रिव्हर्बमध्ये आवाजाचा काही भाग ठरावीक काळाने पुन्हा आत सोडला जातो आणि दर फेरीला त्याला, समजा, ०.८ ने गुणले जाते. दोन सेकंदांचा रिव्हर्ब म्हणजे दोन सेकंदांत आवाज ६० डेसिबलने उतरणारा. सीडीच्या १६ बिटांत साधारण ९६ डेसिबलचीच व्याप्ती मावते, त्यामुळे तीन-सव्वातीन सेकंदांत कानाच्या लेखी सारे संपलेले असते. पण आकडे उतरतच राहतात, आणि उणे साडेसातशे डेसिबलच्या खाली, म्हणजे सुमारे पंचवीस सेकंदांनी, ते डीनॉर्मल पट्टीत शिरतात. तिथून तरी ते शून्यावर पोचतील? पट्टीतल्या सर्वांत लहान संख्येला एक एकक म्हणू. एकाला ०.८ ने गुणले की ०.८ येते, आणि जवळच्या पूर्णांकात मांडले की पुन्हा एक. दोनचे १.६ होते आणि ते पुन्हा दोनच. जिथे गुणक अर्ध्याहून मोठा आहे तिथे ही संख्या कधीच शून्य होत नाही. कोणालाही ऐकू न येणारा, कोणत्याही स्पीकरमधून बाहेर न पडणारा हा अवशेष प्रत्येक फेरीत संथ मार्गानेच गुणला जातो, आणि असे पाच-सहा रिव्हर्ब असतील तर भारदर्शक काटा शांततेत वर चढतो.

यावर जुन्या प्रोग्रामरांचा उपाय सोपा होता : आवाजात ऐकू न येईल इतका क्षीण खरखराट मिसळायचा, म्हणजे आकडे त्या पट्टीपर्यंत उतरतच नाहीत. आज प्रोसेसरलाच ‘अशा संख्या शून्य समज’ अशी सूचना देता येते आणि बहुतेक सॉफ्टवेअर ती देतात. पण ही सूचना ज्या थ्रेडला (प्रोग्राममधल्या कामाच्या एका स्वतंत्र धाग्याला) दिली त्याच्यापुरतीच लागू असते, म्हणून स्वतःचे वेगळे थ्रेड उघडणारा एखादा प्लगइन ती विसरू शकतो. वाजवणे थांबल्यानंतर भार वाढताना दिसला, तर संशय प्रथम तिकडे वळवावा.

निदानाची सुरुवात मात्र याहून साध्या परीक्षेने करावी. गाणे फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ऐकावे. एक्स्पोर्ट करताना मुदत नसते. संगणक हवा तेवढा वेळ घेऊन प्रत्येक गठ्ठा पुरा करतो. म्हणून वाजवताना येणारा खटका एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये नसेल, तर दोष मुदतीचा. तो फाइलमध्येही प्रत्येक वेळी त्याच जागी उमटत असेल, तर तो बहुधा मुद्रणातच शिरलेला आहे. आणि सॉफ्टवेअर बंद केल्यावरही हेडफोनमध्ये गुंजारव राहत असेल, तर तो बहुधा विजेच्या ५० हर्ट्झचा आहे. त्याचा शोध वायरिंगमध्ये आणि लॅपटॉपच्या चार्जरमध्ये घ्यायचा.

मुदतीचा दोष ठरला की बफर वाढवणे हा राजमार्ग. १,०२४ सॅम्पलला मुदत २१ मिलिसेकंदांवर जाते. मिक्सिंगला हे चालते, पण गायकाला संगणकातून फिरून येणारा स्वतःचा आवाज येताना व जाताना मिळून चाळिसाहून अधिक मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे चौदा-पंधरा मीटरवरून कोणी गात असल्यासारखा, आणि तो लय सोडतो. म्हणून मुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवावा, जड ट्रॅक फ्रीझ करावेत (म्हणजे प्लगइनसह आधीच मोजून तयार आवाज म्हणून ठेवावेत), वाय-फाय बंद करावे, इंटरफेसच्या उत्पादकाचाच ड्रायव्हर वापरावा, आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची (संगणकातून न फिरवता आवाज थेट ऐकण्याची) सोय असेल तर ती घ्यावी. दोषी प्लगइन शोधताना निम्मे बंद करून पाहावे, मग उरलेल्यांतले निम्मे.

या गोंधळात सोन्याचा मुलामा दिलेल्या यूएसबी केबलींची आणि १९२ किलोहर्ट्झची (सेकंदाला १,९२,००० सॅम्पल घेण्याची) जाहिरात हमखास समोर येते. सोन्याने जोडणी गंजत नाही, एवढेच. आकडे त्यामुळे सुरेल होत नाहीत. आणि माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येत असताना १९२ किलोहर्ट्झ निवडले, की १२८ सॅम्पलची मुदत ०.६७ मिलिसेकंदावर येते आणि काम चौपट होते. ज्या दोषासाठी पैसे मोजले, तोच वाढतो.

एक खटका मात्र बफर वाढवूनही जात नाही. तो फक्त अधिक अंतराने येतो. पॉडकास्टसाठी दोन यूएसबी मायक्रोफोन एकाच संगणकाला जोडले, की प्रत्येकात सॅम्पलची गती ठरवणारे स्वतःचे स्फटिक-घड्याळ असते. त्यांच्या गतीत दहा लाखांत पन्नास भागांचा जरी फरक असला, तरी ४८,००० च्या गतीला सेकंदाला २.४ सॅम्पलची तफावत साचत जाते. १२८ सॅम्पलचा गठ्ठा सुमारे ५३ सेकंदांत कमी पडतो आणि जवळजवळ मिनिटामिनिटाला, घड्याळ लावल्यासारखा, खटका येतो. अशा वेळी मॅकवर दोन्ही उपकरणे एकत्र जोडून ‘ड्रिफ्ट करेक्शन’ (घड्याळांतली तफावत भरून काढण्याची सोय) चालू करता येते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे दोन साधे मायक्रोफोन एकाच इंटरफेसला जोडणे, म्हणजे दोघांना घड्याळ एकच मिळते.