फिश फाइंडरला दिसते ती हवा

फिश फाइंडर म्हणजे बोटीखालचे मासे आणि पाण्याचा तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र. बोट हळू चालली आहे तोवर तो उत्तम चालतो. जरा वेग घेतला की तळाची रेघ तुटते, पडद्यावर नुसते ठिपके उडायला लागतात आणि मग तो कोरा पडतो. फिश फाइंडर नवा बसवलेल्यांची ही नेहमीची तक्रार. मग यंत्राला दोष दिला जातो, जास्त वॅटचं महागडं मॉडेल येतं, ते त्याच जुन्या ब्रॅकेटवर, त्याच जागी चढतं, आणि तक्रार जिथल्या तिथे राहते. कारण बहुतेक वेळा बिघाड यंत्रात नसतोच. तो बोटीखालून वाहणाऱ्या पाण्यात, नेमकं सांगायचं तर त्या पाण्यात मिसळलेल्या हवेत असतो. ही हवा काय करते ते एकदा कळलं, की फिश फाइंडर बसवण्याच्या जवळजवळ सगळ्या सूचना पाठ न करताही लक्षात राहतात.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. फिश फाइंडर हा पाण्याखालचा कॅमेरा नाही. बोटीच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा एक अगदी छोटा ठोका खाली सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. त्याच्या आत दाबविद्युत गुणधर्माची चकती असते. वीज दिली की ती थरथरते, आणि बाहेरून थरथरवली की वीज देते. पियेर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये हा गुणधर्म शोधला. स्वयंपाकघरातल्या टिकटिक लायटरमध्येही तोच वापरलेला असतो. म्हणजे एकच चकती तोंडाचं काम करते आणि कानाचंही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, त्यामुळे १५ मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी २० मिलिसेकंदांत परत येतो. वेळ मोजली की खोली कळली.

पडद्यावर दर ठोक्याची एक उभी रेघ उमटते आणि जुन्या रेघा डावीकडे सरकत जातात. म्हणून अगदी उजवी कड म्हणजे 'आत्ता'. बाकीचा सगळा पडदा हा इतिहास असतो. मासा कमानीसारखा दिसतो तो यामुळेच. ठोका शंकूच्या आकारात पसरतो; मासा शंकूच्या कडेला असताना तिरकस अंतर जास्त, मध्ये आला की कमी, दुसऱ्या कडेला पुन्हा जास्त. कमानीची रुंदी म्हणजे माशाची लांबी, असं समजणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात ती रुंदी मासा शंकूत किती वेळ होता एवढंच सांगते. बोट थांबलेली आणि मासाही खाली स्थिर असेल, तर इवलासा मासाही पडदाभर लांब रेघ काढतो.

आता मुख्य प्रश्न. माशाचं मांस बरंचसं पाण्यासारखंच असतं, मग त्याच्यावरून आवाज परततोच कसा?

आवाज एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना किती आत जाणार आणि किती मागे फिरणार, हे दोन्ही माध्यमांच्या ध्वनिरोधावर ठरतं. ध्वनिरोध म्हणजे घनता गुणिले आवाजाचा वेग. पाण्यासाठी १००० गुणिले १५००, म्हणजे सुमारे १५ लाख. हवेसाठी १.२ गुणिले ३४३, म्हणजे जेमतेम ४१२. दोन्हींमध्ये साडेतीन हजार पटींहून अधिक फरक. एवढा फरक असला की सीमेवर येणाऱ्या ध्वनिऊर्जेपैकी ९९.९ टक्के परत फिरते आणि हजारातला एखादा हिस्सा पलीकडे जातो. तलावाच्या काठावर कुणी मोठ्याने बोलत असलं तरी पाण्याखाली बुडी मारलेल्याला जवळजवळ काही ऐकू येत नाही, ते याच कारणाने. माशाच्या मांसाचा ध्वनिरोध मात्र पाण्यापेक्षा काही टक्क्यांनीच जास्त. त्यामुळे मांसावरून परत फिरणारी ऊर्जा हजारात एखाद-दुसरा हिस्सा. बाकीचा आवाज मासा नसल्यासारखाच त्याच्यातून आरपार जातो.

तरीही मासे ठळक दिसतात, कारण बहुतेक हाडांच्या माशांच्या पोटात वाताशय असतो, म्हणजे वायूने भरलेली पिशवी. पाण्यात हव्या त्या खोलीवर फारसं न पोहता तरंगत राहण्यासाठी तिचा उपयोग. वाताशय असलेल्या माशाचा जो प्रतिध्वनी येतो, त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा या पिशवीचा असतो. म्हणजे यंत्र दाखवतं ते माशाच्या पोटातली हवा! शार्कला वाताशय नसतो, म्हणून भलामोठा शार्कही त्याच्या आकाराच्या मानाने फिका उमटतो. तळाला चिकटून राहणाऱ्या चपट्या माशांचंही तेच. शिवाय तळाचा जबरदस्त प्रतिध्वनी त्यांना गिळून टाकतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, कॅलिफोर्नियाजवळ अमेरिकी शास्त्रज्ञांना भर समुद्रात, खऱ्या तळाच्या खूप वर, काहीशे मीटर खोलीवर प्रतिध्वनीचा एक सलग थर सापडला. हा 'तळ' रात्री वर यायचा आणि दिवसा खाली जायचा! पुढे उलगडलं की ते समुद्री जीवांचे अफाट थवे होते, आणि त्यातल्या मोठ्या प्रतिध्वनीला कारण होते छोट्या माशांचे वाताशय आणि काही जेलीसारख्या जीवांमधले वायूचे फुगे.

ज्या नियमामुळे मासा दिसतो, त्याच नियमामुळे चुकीच्या जागी लावलेला ट्रान्सड्यूसर आंधळा होतो. हवा माशाच्या पोटात असेल तर चित्र उमटतं. ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी असेल तर ठोका खाली जातच नाही. आणि यासाठी फार हवा लागत नाही. कागदापेक्षा कितीतरी पातळ थरही पुरतो.

सुटे बुडबुडे तर त्याहून जास्त त्रास देतात, आणि हा भाग मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. पाण्यातला प्रत्येक बुडबुडा स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखा वागतो: आतली हवा स्प्रिंग, भोवतीचं पाणी वजन. त्यामुळे त्याला स्वतःची एक वारंवारता असते. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचे खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये वाहत्या पाण्याच्या खळखळाटाचा विचार करताना तिचं गणित मांडलं. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात बुडबुड्याची त्रिज्या मिलिमीटरमध्ये आणि वारंवारता किलोहर्ट्झमध्ये घेतली, तर दोन्हींचा गुणाकार सुमारे ३.३ येतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३.३ किलोहर्ट्झला गातो. तो आवाज आपल्याला ऐकू येतो. फिश फाइंडर सहसा २०० किलोहर्ट्झ वापरतो. भागाकार केला की त्रिज्या येते ०.०१६ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून लहान बुडबुडा. डोळ्याला तो सुटा दिसणारही नाही. पण २०० किलोहर्ट्झचा ठोका आला की त्यात अनुस्पंदन होतं, म्हणजे तो त्याच ठेक्यावर जोरात थरथरू लागतो, आणि आपल्या आकाराच्या मानाने कित्येक पट ऊर्जा तो शोषतो आणि विखरतो. शिवाय इतका बारीक बुडबुडा वर चढतो सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे प्रोपेलरने ३० सेंटिमीटर खोल ढकललेला बुडबुडा, पाणी शांत असलं तरी, पृष्ठभागी यायला नऊ-दहा मिनिटं घेईल. तेवढ्या वेळात तो पाण्यात विरूनही जाऊ शकतो, पण तोवर त्रास देतोच. बोट वळवून स्वतःचाच फेसाळ माग ओलांडला की पडदा गढूळ होतो, त्याचं हे कारण. फेस कधीच विरलेला असतो, पाणी स्वच्छ दिसतं, बारीक बुडबुडे मात्र खाली तसेच असतात.

हे डोक्यात ठेवून बोटीच्या मागच्या उभ्या फळीकडे, म्हणजे ट्रान्समकडे पाहा. छोट्या बोटींवर ट्रान्सड्यूसर बहुधा इथेच बसतो. जागा ठरवताना पुढून मागे नजर फिरवायची. त्या जागेच्या पुढे तळावर रिव्हेटची ओळ, उंचवटा किंवा पाणी ओढायचं छिद्र असेल, तर वेगात त्याच्यामागे बुडबुड्यांची शेपटी तयार होणार आणि ती थेट ट्रान्सड्यूसरवर येणार. प्रोपेलरपासून साधारण ४० सेंटिमीटर तरी लांब राहावं. मागून पाहताना प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर उजवी बाजू निवडावी. तिथे पाती खाली जातात, आणि वर येणारी पाती जो खळबळाट करतात तो डाव्या बाजूला राहतो. ट्रान्सड्यूसरचं तोंड बोटीच्या तळापेक्षा किंचित खाली हवं, फायबरच्या बोटीला सुमारे तीन मिलिमीटर. तळाला चिकटून वाहणाऱ्या फेसाळ थराच्या खाली ते यायला हवं. पण फार खाली नेलं तर ट्रान्सड्यूसर स्वतःच पाणी फाडून फवारा उडवतो आणि नवे बुडबुडे करतो.

नवा ट्रान्सड्यूसर बसवण्याआधी त्याचं तोंड सौम्य साबणाने पुसायचं. हाताचा तेलकटपणा राहिला तर पाणी तिथे नीट पसरत नाही आणि बारीक बुडबुडे चिकटून बसतात. फुकटातला उपाय आहे, आणि हमखास विसरला जाणारा.

फायबरच्या बोटीत ट्रान्सड्यूसर आतून, तळाला चिकटवूनही चालतो, पण तिथला तळ भरीव हवा. मधे फोम किंवा लाकडाचा गाभा असेल तर तो हवेच्या कप्प्यांनी भरलेला असतो, आवाज तिथेच संपतो. चिकटवायला वापरतात ते इपॉक्सी सावकाश सुकणारं घ्यावं आणि हळूहळू ढवळावं. जोरात घोटलं की त्यात हवा मिसळते. ओतल्यावर ट्रान्सड्यूसर थोडा गोल फिरवत दाबायचा, म्हणजे खाली अडकलेले बुडबुडे कडेने बाहेर पडताना दिसतात. ते यायचे थांबेपर्यंत दाबत राहायचं. एकदा सुकल्यावर आत राहिलेला बुडबुडा काढायचा मार्ग नाही. त्यामुळे चिकटवण्याआधी त्या जागी थोडं पाणी ओतून, ट्रान्सड्यूसर नुसता टेकवून पडद्यावर पाण्याचा तळ नीट दिसतो का पाहून घेणं शहाणपणाचं.

जाहिरातींमधल्या वॅटच्या आकड्यांबद्दल सांगायलाच हवं. ठोका माशापर्यंत जाताना पसरतो आणि प्रतिध्वनी येतानाही पसरतो, त्यामुळे परतणारी ऊर्जा अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते. तोच मासा दुप्पट खोलीवर तितकाच ठळक दिसायला सोळापट शक्ती लागते. वॅट दुप्पट केल्याने पल्ला २० टक्केही वाढत नाही, आणि पाणी जो आवाज शोषतं तो हिशेब वेगळाच. पडद्यावर उमटणारी माशांची गोंडस चित्रं हा सॉफ्टवेअरचा अंदाज असतो. पाण्यात बुडालेली फांदी किंवा बुडबुड्यांचा पुंजकाही 'मासा' होतो. ती चित्रं बंद करून कमानी वाचायला शिकावं. आणि यंत्राच्या आवाजाने मासे आकर्षित होतात हा दावा निव्वळ थाप आहे. बहुतेक माशांना काही हजार हर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही. हा आवाज दोन लाख हर्ट्झचा. अमेरिकन शॅडसारखे मोजके मासे १,८०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू शकतात, पण तेही असा आवाज आला की लांब पळतात.

तारांचं काम तुलनेने सोपं. वीज थेट बॅटरीवरून घ्यावी, फ्यूज बॅटरीजवळ ठेवावा, आणि ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनच्या तारांपासून दूर न्यावी. केबल लांब वाटली तरी कापू नये. स्क्रूच्या प्रत्येक भोकात बोटीसाठीचं सीलंट, म्हणजे पाणी आत शिरू न देणारा लेप, भरावं.

कायमची भोकं पाडण्याआधी ब्रॅकेट तात्पुरत्या फळीवर लावून ती फळी ट्रान्समला घट्ट पकडवावी आणि पाण्यात फेरी मारून यावी. आधी थांबून, मग हळू, मग वेग टप्प्याटप्प्याने वाढवत फक्त तळाच्या रेघेवर लक्ष ठेवायचं. ज्या वेगाला ती तुटते तो वेग लिहून ठेवायचा, ट्रान्सड्यूसर दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यायचा आणि तोच फेरा पुन्हा मारायचा. रेघ आणखी जास्त वेगापर्यंत टिकली तर दिशा बरोबर आहे. खाली घेऊनही फरक पडला नाही, तर जागा सोडून द्यायची आणि पुढे तळावर बुडबुडे कुठे जन्माला येतात ते शोधायचं.