गोवा वेल्हा आणि जुने गोवे : एका विशेषणाने केलेली गल्लत

तिसवाडी तालुक्यात नावातच ‘जुने’पण असलेली दोन गावे आहेत आणि दोन्ही पणजीपासून साधारण दहा किलोमीटरवर आहेत. जुने गोवे पणजीच्या पूर्वेस, फोंड्याच्या वाटेवर, मांडवीच्या काठी आहे. गोवा वेल्हा मडगावच्या वाटेवर, पिलार आणि आगशी यांच्यामध्ये, जुवारी नदीच्या बाजूला आहे. पोर्तुगीज भाषेत ‘वेल्हा’ म्हणजे जुनी. त्यामुळे ‘गोवा वेल्हा’ हे नाव वाचून ‘ओल्ड गोवा’ हेच असावे असे बाहेरच्या माणसाला वाटले, तर त्याचा दोष नाही. मात्र तो चुकीच्या बसमध्ये बसतो आणि सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव असलेले बासिलिका पाहण्याऐवजी एका शांत गावात उतरतो.

ही गल्लत केवळ भाषांतराची नाही. पोर्तुगीज आले तेव्हा जुवारीकाठचे शहर मागे पडलेले होते आणि वैभव मांडवीकाठी गेले होते. त्यांच्या लेखी ‘गोवा’ म्हणजे मांडवीकाठचे, त्यांनी जिंकलेले शहर. त्याआधीची राजधानी ती ‘गोवा आ वेल्हा’, म्हणजे ती जुनी गोवा. पुढे त्यांचे हे शहरही ओस पडले, १८४३ मध्ये पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला आणि मग मांडवीकाठचे शहर ‘वेल्हा गोवा’ झाले. विशेषण आधी की नंतर, एवढ्यावर दोन शहरांमधील काही शतकांचे अंतर तोललेले आहे. आज जगभर ‘जुने गोवे’ म्हणून प्रसिद्ध असलेले शहर या दोहोंपैकी धाकटे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

थोरले शहर म्हणजे गोपकपट्टण किंवा गोवापुरी. गोव्याच्या कदंब राजांची आधीची राजधानी साळसेत प्रांतात, चंद्रपूर म्हणजे आजच्या चांदर येथे होती. अकराव्या शतकाच्या मध्यास जयकेशी पहिला याने ती जुवारीच्या मुखाजवळील या बंदरात आणली. हा निर्णय व्यापाऱ्याच्या हिशेबाने घेतलेला दिसतो, कारण चांदर नदीकाठी असले तरी समुद्रापासून बरेच आत आहे, तर गोपकपट्टणला समुद्रातून येणारे जहाज थेट पोहोचत असे. जयकेशीच्या काळातील ताम्रपटात अरब वंशाच्या एका व्यापारी घराण्यातील छडम या अधिकाऱ्याचा उल्लेख येतो; त्याच्या देखरेखीखाली इथला कारभार चाले आणि बाहेरून येणाऱ्या जहाजांवरील जकातीतून मशिदीचा खर्च भागवण्याची सोय होती. हिंदू राजाचे बंदर, मुसलमान अधिकारी आणि जकातीतून चालणारी मशीद, ही व्यवस्था अकराव्या शतकातील पश्चिम किनाऱ्याची कल्पना नीट देते. या घराण्याचे नातेसंबंधही दूरवर होते. गुजरातचा प्रसिद्ध राजा सिद्धराज जयसिंह याची आई मयणल्लादेवी ही जयकेशीची कन्या होती. कदंबांचा सिंह आज आमच्या सरकारी बसगाड्यांवर दिसतो, आणि गोवा वेल्ह्याला जाणारा प्रवासी तो पाहूनच गाडीत चढतो. पण ही खूण कोणाची, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानांच्या स्वाऱ्यांनी कदंबांचे राज्य मोडले. पुढे विजयनगर आणि बहमनी यांच्यात या किनाऱ्यासाठी ओढाताण सुरू झाली, कारण अरबस्तान आणि होर्मुझकडून येणारे युद्धाचे घोडे इथेच उतरत. त्यातच जुवारीचे बंदर गाळाने उथळ होत गेले, आणि ज्या बंदरात जहाज लागत नाही तिथे राजधानी टिकत नाही. १४७२ मध्ये बहमनींचा वजीर महमूद गावान याने गोवा घेतला. तोवर आणि पुढे आदिलशाहीत मांडवीकाठचे एला हे बंदर वाढत गेले.

एला म्हणजेच आजचे जुने गोवे. पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द आल्बुकेर्क याने ते १५१० मध्ये दोनदा घेतले. वसंतात मिळालेले शहर मे महिन्यात आदिलशाही फौजेने परत मिळवले आणि २५ नोव्हेंबर रोजी ते आदिलशाहीच्या हातून कायमचे गेले. या कामी आल्बुकेर्कला होनावरच्या तिमोजा या सरदाराची मदत झाली होती. १५३० पासून पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेची राजधानी हीच. १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना इथल्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. से कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये आणि बॉम जेझू बासिलिकाचे १५९४ मध्ये सुरू झाले. पडझडीची कारणे मात्र गोपकपट्टणपेक्षा वेगळी होती. इथे पटकी आणि मलेरियाच्या साथींनी माणसे मारली व हाकलली, आणि डचांनी व्यापार तोडला. व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला गेले, १८३५ मध्ये ख्रिस्ती साधूंचे धर्मसंघ बंद करण्यात आले आणि रिकामे मठ ढासळत गेले. सेंट ऑगस्टीन मनोऱ्याचा उरलेला अर्धा भाग त्याचा साक्षीदार आहे. १९८६ मध्ये इथल्या चर्चेस आणि मठांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

जुन्या गोव्यात आलेला पर्यटक चर्च पाहून परततो. सेंट कॅजेटन चर्चजवळ काळ्या दगडाचे खांब आणि त्यावरील तुळई एवढाच उरलेला एक दरवाजा आहे, तो आदिलशहाच्या वाड्याचा सांगितला जातो. चर्चपेक्षा जुना असलेला हा एकटा दरवाजा मी पाहुण्यांना आवर्जून दाखवतो. नदीपलीकडच्या दिवाडी बेटावर कदंबांच्या सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान होते. ते पोर्तुगीजांनी मोडल्यावर देव नार्व्याला गेला, आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला.

गोवा वेल्ह्याला पाहण्यासारखे काय, हा प्रश्न मात्र अवघड आहे. जांभ्या दगडाच्या जुन्या बंदराच्या भिंतीचे अवशेष नदीकाठी आहेत, तेही ओहोटीच्या वेळी नीट दिसतात. पिलारच्या टेकडीवर फ्रान्सिस्कनांनी १६१३ मध्ये बांधलेला मठ आहे आणि तेथील संग्रहालयात कदंबकालीन मूर्तींचे अवशेष ठेवलेले आहेत. गोपकपट्टण डोळ्यांनी पाहायचे असेल तर तेवढेच. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी सेंट अँड्र्यू चर्चमधून संतांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. त्या दिवशी गावात गर्दी असते, रस्त्याच्या कडेला फेरी म्हणजे जत्रा भरते आणि मडगावची गाडी अडकते.