कोकोचा तुरटपणा आणि आपली स्मरणशक्ती

साखर न घातलेल्या कोकोची चिमूट जिभेवर ठेवून पाहा. आधी कडू लागतं, मग तोंड आतून आवळल्यासारखं होतं. हा तुरटपणा मुख्यतः फ्लॅव्हॅनॉल या गटातल्या संयुगांचा. ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडाचा ओशटपणाच निघून जातो. किडी, बुरशी, अतिनील किरण यांच्यापासून स्वतःचा बचाव करायला वनस्पती अशी संयुगं बनवतात. सफरचंद, चहा, द्राक्षं, बेरी यांतही ती असतात.

आता प्रश्न असा, की ही संयुगं खाल्ल्यानं डोकं खरंच चांगलं चालतं का?

ती थेट मेंदूत जाऊन काम करतात, असं चित्र आपल्या मनात असतं. प्रत्यक्षात खाल्लेल्यापैकी बराचसा भाग मोठ्या आतड्यापर्यंत जातो, तिथले जिवाणू त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि तेच रक्तात उतरतात. मला पटणारं स्पष्टीकरण रक्तवाहिन्यांचं आहे. वजनानं शरीराच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू सुमारे 20 टक्के ऑक्सिजन वापरतो. फ्लॅव्हॅनॉलमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढतं, त्या सैलावतात आणि रक्त अधिक मोकळेपणानं वाहतं. 2020 साली 18 निरोगी तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात हे दिसलं. फ्लॅव्हॅनॉलयुक्त कोको प्यायल्यावर बहुतेकांच्या मेंदूला होणारा ऑक्सिजनचा पुरवठा सुधारला आणि अवघड कोडी त्यांनी लवकर सोडवली. चौघांना मात्र काहीच फरक पडला नाही. त्यांचा पुरवठा आधीपासूनच उत्तम होता.

हे चौघं मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण पुढे मोठ्या चाचणीतही तेच दिसलं. अमेरिकेत 3,562 वयस्कर लोकांपैकी काहींना रोज 500 मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली, तीन वर्षं. शब्दांची यादी दाखवायची आणि लगेच आठवायला सांगायचं, अशी परीक्षा. 2023 मध्ये निष्कर्ष आले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर ठोस फरक नव्हता. पण ज्यांचा आहार निकस होता, ज्यांच्या लघवीत फ्लॅव्हॅनॉलच्या खुणा सर्वांत कमी सापडल्या होत्या, त्यांची स्मरणशक्ती पहिल्या वर्षातच सुधारली आणि ती सुधारणा टिकली. म्हणजे भांडं रिकामं असेल तरच भरतं. याच प्रकल्पातल्या आणखी एका चाचणीत, 2,262 जणांमध्ये, एकूण बौद्धिक क्षमतेवर कोकोच्या अर्काचा परिणाम आढळला नाही, हेही सांगायलाच हवं. आणि या संशोधनाला मार्स या चॉकलेट कंपनीच्या एका विभागाचा अंशतः पाठिंबा होता, हेही.

गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काचं तर अजूनच निराशाजनक झालं. तीन हजारांहून अधिक वृद्धांना सरासरी सहा वर्षं तपासलं, तरी स्मृतिभ्रंश टळला नाही, असं 2008 मध्ये जाहीर झालं. तरीही तो अर्क ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून विकला जातोच. आपल्या आई-वडिलांच्या विसरभोळेपणाची धास्ती घेतलेली माणसं ते विकत घेतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि चॉकलेट? त्यात साखर आणि चरबी भरपूर असते, फ्लॅव्हॅनॉल किती उरलंय ते वेष्टनावर सहसा लिहिलेलं नसतं. रंगावरून अंदाज बांधायला गेलात तर फसाल. कोको पावडर गडद आणि सौम्य चवीची व्हावी म्हणून तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया करतात, आणि त्यातच बरंचसं फ्लॅव्हॅनॉल नष्ट होतं. काळसर, मऊ चवीच्या पावडरीपेक्षा फिकट तपकिरी, तोंड आवळणाऱ्या पावडरीत ते जास्त असण्याची शक्यता असते.