बाहत्तरचा दुष्काळ आणि पेरूचा अँकोव्हेटा

माण-खटाव, आटपाडी, जतकडं बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी अजून निघतात, खडी फोडायची कामं, सुकडी, लाल मिलो ज्वारी. पण त्याच वर्षी पार पेरूच्या किनाऱ्यावर एका वीतभर माशाचाही दुष्काळ पडला होता, आणि दोन्हीकडं एल निनोचा, म्हणजे काही वर्षांनी पॅसिफिक समुद्राचं पाणी तापतं आणि आपला पाऊसही बिघडू शकतो त्या घडामोडीचा, हात होता, हे आपल्याकडं फार कुणी बोलत नाही.

मासा अँकोव्हेटा. जेमतेम तीन वर्षं जगतो, पण पेरू-चिलीच्या थंड समुद्रात याचे थवेच्या थवे, कारण तिथं वाऱ्यामुळं खालचं गार पाणी खत घेऊन वर येतं आणि त्यावर प्लँक्टन, म्हणजे माशांचं बारीक तरंगतं खाद्य, माजतं. आधी हा मासा खायचे ते समुद्रपक्षी, त्यांची विष्ठा म्हणजे ग्वानो, एकोणिसाव्या शतकात पेरूनं तेच खत म्हणून जगाला विकलं. मग १९५० नंतर कॅलिफोर्नियातला सार्डिनचा धंदा बसला, तिथली मशिनरी पेरूत आली आणि अँकोव्हेटा वाळवून दळून कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायला लागला. १९७० ला पकड १ कोटी २० लाख टनांच्या वर! इतकं ओरबाडल्यावर १९७२ ला एल निनो आला, गरम पाणी पसरलं, खालचं खत वर येईना, आणि १९७३ ला पकड २० लाख टनांच्याही खाली. नुसत्या एल निनोला दोष देणं मला पटत नाही, हावरटपणा तेवढाच नडला.

मग फिशमील, म्हणजे ही माशाची पूड, मिळेना म्हणून सगळे सोयापेंडीवर तुटून पडले, भाव इतके भडकले की जून १९७३ मध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच थांबवली, जपान हादरला आणि पुढं ब्राझीलच्या सोयाबीनमध्ये पैसा घालायला लागला. आज कराड-वाळव्याचा शेतकरी सोयाबीनचा दर बघताना ब्राझीलच्या पिकाची बातमी का वाचतो, त्यामागं हा मासा पण आहे बरं का.

आपला पाऊस आणि तिकडचा समुद्र यांचं नातं शोधायची सुरुवात भारतातूनच झाली. इथल्या हवामान खात्याचे प्रमुख राहिलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधता बांधता पॅसिफिकच्या हवेच्या दाबापर्यंत पोचले. पण हे गणित दरवेळी जुळतंच असं नाही, १९९७ ला एल निनो जबरदस्त होता तरी देशात पाऊस सरासरीएवढा झाला. २०२३ ला मात्र जुळलं. पेरूनं अँकोव्हेटाचा पहिला हंगाम रद्द केला आणि आपल्याकडचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला.