घरची भाषा वेगळी, इंग्रजी येणं वेगळं

मराठवाड्यातल्या पालक सभांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “घरी इंग्रजीचा गंध नाही, लेकराला येणार कुठून?” घरी कोणती भाषा चालते हा एक प्रश्न आणि इंग्रजी किती येतं हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निकाल लावला की लेकरावर अन्याय होतो.

२०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे देशभरात जेमतेम अडीच लाखांच्या आसपास होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती सांगणारे मात्र बारा कोटींच्या वर. म्हणजे आपल्याकडची इंग्रजी जवळपास सगळी घराबाहेर शिकलेली आहे. पण ती किती येते, हे जनगणना विचारत नाही. इंग्रजीत खटला चालवणारा वकील आणि कामापुरतं वाचणारा दुकानदार तिथे एकाच रकान्यात बसतात. अमेरिकेच्या सामुदायिक सर्वेक्षणात आधी घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलता का, असल्यास कोणती, हे विचारतात. मग इंग्रजी किती बोलता येतं ते वेगळं: खूप चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही. त्यामुळे घरी मराठी आणि इंग्रजी ‘खूप चांगलं’ ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाची असू शकतात.

मराठवाड्यात घरची भाषा सांगणंही सोपं नाही. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-उदगीरकडे कन्नड, गावोगावी दखनी, तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी. घराची एक आणि शाळेची दुसरी, हे इथे जुनंच आहे. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूतून चाले, १९१८ मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. घरी मराठी बोलणारे कितीतरी आजोबा उर्दूतून शिकले आणि चांगले शिकले.

तांड्यावरचं लेकरू घरी आईला ‘याडी’ म्हणतं. मराठी त्याला शाळेत भेटते आणि त्याच वर्षी इंग्रजीही, कारण २००० पासून राज्यात ती पहिलीपासून आहे. जनगणनेच्या तक्त्यात मात्र बंजारी आणि लमाणी (गोरमाटीचीच ही नावं) या दोन्ही हिंदीखाली मोजल्या जातात. तक्ता बघून घर हिंदी बोलणारं समजायचं आणि लेकराला ‘इंग्रजी कच्चं’ असा शेरा द्यायचा, यात दोन्ही प्रश्न चुकतात. मराठीतून समजावलेलंच त्याच्यापर्यंत पोचलं नसेल, तर दोष इंग्रजीवर कसा ढकलायचा?

उलटही होतं. इंग्रजी शाळेतलं पोरगं शेतकऱ्यावरचा धडा धडाधड वाचतं आणि घरचे खूश होतात. धड्यातला शेतकरी काय करतोय, विचारा. कधी कधी उत्तरच येत नाही. तेच त्याच्या घरच्या भाषेत सांगायला लावा. बैल, नांगर, पाऊस असं सगळं सांगितलं तर त्याला धडा कळलाय, फक्त इंग्रजीत बोलण्याचा सराव हवा. तिथेही गप्प राहिलं तर नुसतं वाचता येतंय. मग आधी अर्थावर काम करायला हवं.